सासरे भाड्याने मिळतील

काम कोणतंही असो, समोर आलं की मी आधी म्हणतो, "हात्तिच्या, एवढंच ना?" आणि मग विचारतो, काम काय आहे. बायको याला खोड म्हणते, मी आत्मविश्वास म्हणतो. हा किस्सा वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला आधीच ठाऊक आहे, तेव्हा कळवायची तसदी घेऊ नका.

आमचा धंदा फर्निचर भाड्याने द्यायचा. आमचा म्हणजे सासऱ्यांचा. सभा, समारंभ, प्रदर्शन, नाटक, काहीही असू दे, खुर्च्या आमच्याकडून जातात. साध्या खुर्च्या, गादीच्या खुर्च्या, पाहुण्यांसाठी कोच, भाषणवाल्यांसाठी पोडियम, आणि नाटकवाल्यांसाठी जुनी कपाटं आणि एक सिंहासन, ज्याचा डावा हात कायम निखळतो. बायको बुकिंग बघते. सासूबाई गाद्यांची कव्हरं शिवतात. गोदामवाले काका गोदाम आणि टेंपो सांभाळतात. मी विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून आलो आणि वेबसाइट बघतो. राहिले सासरे, आणि तिथेच तर सगळी गोम होती.

सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, फार वेळ उभं राहायचं नाही. मग आम्ही त्यांचं टेबल दर्शनी भागातून उचललं आणि मागे, जुन्या कपाटांच्या रांगेत नेऊन ठेवलं. तिथे पंखा आहे, बाथरूम जवळ आहे, आल्यागेल्याची कटकट नाही. आमच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. सासरे एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक समोर आलं की ते मान वळवायचे. कोणी काही विचारलंच तर म्हणायचे, "मला नका विचारू. मला इथे ठेवलंय."

"ऐकलंस?" बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. "बाबांना वाटतंय, आपण त्यांना अडगळीत टाकलं. ते जेवताना पण बोलत नाहीत आता. काहीतरी कर. त्यांना वाटलं पाहिजे, की हे दुकान अजून त्यांचंच आहे."

"हात्तिच्या, एवढंच ना?" मी म्हणालो.

माझ्या डोक्यात बेत तयारच होता. वेबसाइटवर 'आमची माणसं' असं एक नवं पान करायचं. सगळ्यात वर सासऱ्यांचा झकास फोटो, खाली दोन ओळी कौतुकाच्या. मग बायको, सासूबाई, काका, आणि शेवटी, नम्रपणे, मी. सासरे बघतील, खूश होतील, प्रश्न मिटला.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण घाबरू नका, मलाही यातलं बेताचंच कळतं. आमच्या साइटवर पान असं उठून कसंही लिहिता येत नाही. आधी तिला सांगावं लागतं, की बाई गं, जगात अमुक प्रकारच्या गोष्टी असतात, आणि प्रत्येक गोष्टीची अमुक माहिती असते. खुर्ची म्हटली की उंची, रुंदी, लाकूड कसलं. बातमी म्हटली की मथळा, तारीख. याला ते लोक कंटेंट टाइप म्हणतात, आपण साचा म्हणू. साचा एकदा नीट केला की त्यात काहीही ओता, पान आपोआप तयार.

'भाड्याची वस्तू' हा साचा मी केलेला होता आणि तो माझा अभिमान होता. त्यात एकही रकाना रिकामा सोडता यायचा नाही. कारण काकांनी एकदा मापच न लिहिता टेबल चढवलं होतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या दारातून आत जाईना. तेव्हापासून मी सगळे रकाने सक्तीचे केले. वर काकांना टायपिंगचा त्रास नको म्हणून प्रत्येक रकान्यात काहीतरी आधीच भरून ठेवलं. आमच्याकडे नव्याने येतात ती जास्त करून जुनी कपाटं, म्हणून कपाटाचीच माहिती भरली.

माणसांसाठी खरं तर नवा साचा करायला हवा होता. पण नवा करायचा म्हणजे एकेक रकाना ठरवा, फोटो कुठे, नाव कुठे, पुन्हा ते मुख्य पानाला जोडा. कोण बसतंय? मी 'भाड्याची वस्तू'ची नक्कल काढली, तिला 'माणूस' असं नाव दिलं, आणि लांबी, रुंदी, लाकूड वगैरे नको असलेल्या रकान्यांवर 'लपवा' अशी खूण केली. रकाने गायब झाले. मी फोटो आणि ओळी भरल्या, पाचही जणांची पानं चढवली आणि वर घरी जाऊन चहा प्यायलो. दुकानाच्या डोक्यावरच आमचं घर आहे.

चहा पिऊन खाली आलो तर बायको दुकानाच्या फोनवर होती. तिचे डोळे स्क्रीनवर खिळले होते.

"हो," ती म्हणत होती. "हो, आमचीच साइट आहे. काय हवंय म्हणालात? ... कोण? ... किती दिवसांसाठी?" मग तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, "तू बाबांना भाड्याने लावलंयस?"

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतेय. तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

सासऱ्यांचा फोटो उत्तम आला होता, त्यात वाद नाही. खाली माझ्या दोन ओळीही होत्या. पण त्याखाली ते सगळे रकाने होते, जे मी लपवले होते. ते फक्त माझ्यापासून लपले होते. माहिती भरताना दिसत नव्हते एवढंच. साइटने मुकाट्याने त्यात कपाटाची माहिती भरली होती आणि सगळ्या जगाला दाखवली होती.

"स्थिती," बायको वाचायला लागली. "जुनी, वापरलेली. उंची साडेसहा फूट. लाकूड, साग. घडी होत नाही. वाळवी नाही. हलवताना जपून. पाण्यापासून लांब ठेवावे." इथपर्यंत ती धीराने वाचत होती. पुढच्या ओळीला तिचा आवाज फाटला. "उचलायला लागणारी माणसं, चार?"

मी वाकून बघितलं. चारच लिहिलं होतं.

"माझ्या बापाला उचलायला चार माणसं? अरे, जिवंत आहेत ते. वरच्या खोलीत पेपर वाचत बसलेत."

"मी काढतो," मी म्हणालो. "आत्ता काढतो. कोणी बघितलंही नसेल."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला, आणि बायकोचा टेबलावरचाही वाजला. तेव्हा मला आठवलं. नवी वस्तू साइटवर चढली की आमच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना, आणि आम्हालाही, आपोआप निरोप जातो. ही सोयसुद्धा माझीच. मी निरोप उघडला. 'आमच्याकडे नवीन माल दाखल झाला आहे. आजच बुक करा.' आणि खाली सासऱ्यांचा फोटो.

नक्कल काढताना हीसुद्धा आली होती. नक्कल म्हणजे नक्कलच ती, तिने काही म्हणजे काही मागे ठेवलं नव्हतं.

मी धावत जाऊन सासऱ्यांच्या पानावर 'काढून टाका' दाबलं. साइट म्हणाली, ही वस्तू बुक झालेली आहे, परत येईपर्यंत काढता येणार नाही. मी पुन्हा दाबलं. साइट पुन्हा तेच म्हणाली. हा नियम कोणी केला होता ते वेगळं सांगत नाही. एकदा बाहेर गेलेला कोच आम्ही चुकून साइटवरून उडवला होता, आणि तो कोणाकडे आहे ते शोधत गावभर फिरलो होतो. त्यानंतर केला होता.

"बुक कोणी केलं पण?" मी विचारलं.

बायकोने हात काढून फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे मोठ्या हॉलच्या व्यवस्थापक बाई होत्या. त्या अजिबात चिडलेल्या नव्हत्या, हा मला दुसरा धक्का होता.

"फार बरं केलंत," बाई म्हणाल्या. "मी विचारणारच होते. पूर्वी ते स्वतः यायचे, खुर्च्या कशा मांडायच्या ते सांगायचे. गेल्या खेपेला तुमची माणसं आली, खुर्च्या टाकून गेली. निम्म्या लोकांना भाषणभर खांब दिसला हो. आता भाड्याने ठेवलंय म्हटल्यावर मी लगेच नोंदवलं. आज दुपारी पाठवा. ने-आण तुमच्याकडेच ना?"

"बाई, ती चूक झालीय. ते भाड्याने नाहीयेत."

"मग साइटवर कशाला लावलंत?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जिन्यावर पावलं वाजली. पुढे सासूबाई, मागे कठड्याला धरून सासरे. सासूबाईंच्या हातात फोन होता आणि तो त्यांनी माझ्यासमोर असा धरला, जसा पोलीस आरोपीला फोटो दाखवतात.

"जावईबापू, मी किती रुंद आहे?"

याचं उत्तर कोणत्याही जावयाला देता यायचं नाही.

"चार फूट म्हणे. आणि मला कप्पे किती? सहा. माझ्या बहिणीचा फोन आला होता, हसून हसून तिला बोलता येईना. म्हणाली, कुलूप आहे का विचार."

"आई, तो साचा होता," मी म्हणालो, "त्यात काय झालं, की मी ते रकाने..."

"साचा गेला खड्ड्यात. माझं पान काढा."

सासूबाईंना कोणी बुक केलं नव्हतं, म्हणून त्यांचं पान निघालं. आत्ता मी ते मोठं काम केल्यासारखं सांगतोय, पण त्या क्षणी माझं लक्ष सासऱ्यांकडे होतं. त्यांनी चष्मा लावला, बायकोच्या टेबलापाशी आले, आणि स्वतःचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. सावकाश. एकदा वर जाऊन पुन्हा वाचलं.

"वाळवी नाही लिहिलंत," ते म्हणाले. "उपकार झाले."

"बाबा, मी खरंच..."

"कपाटांच्या रांगेत टेबल नेलंत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. जावईबापू, मला तुमचं ते साचा-बिचा कळत नाही. मला एवढंच कळतं, की आयुष्यभर मी माल भाड्याने दिला आणि आज मी माल झालो."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला एकच गोष्ट करायला सांगितली होती, आणि मी नेमकी तिच्या उलटी करून, वर ती सगळ्या गिऱ्हाइकांना कळवली होती. मी कसंबसं म्हणालो, "बाबा, तुमचं टेबल आत्ताच्या आत्ता पुढे आणतो."

"राहू दे. मालाने जागा मागायची नसते." आणि ते जाऊन आपल्या कपाटांच्या रांगेत बसले. खरं सांगतो, मला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

एवढं पुरे होतं, नाही का? पण दुकानाचं दार उघडलं आणि गोदामवाले काका आत आले. मागे त्यांची तीन माणसं. काकांच्या खांद्यावर जाड दोरी होती, आणि त्या तिघांच्या हातांत कपाटं गुंडाळायच्या चादरी.

काका माणूस सोन्यासारखा, पण चिठ्ठीवर लिहिलं असेल तेच करणार, त्याच्या पलीकडे काही नाही. एकदा त्यांनी स्वतःच्या मनाने बाकांऐवजी खुर्च्या नेल्या होत्या आणि सासऱ्यांनीच त्यांना झापलं होतं. बुकिंग झालं की गोदामातल्या मशीनमधून चिठ्ठी आपोआप छापून येते. काकांनी ती माझ्यापुढे धरली.

"मालकांना न्यायला आलोय," ते म्हणाले. "चार माणसं लिहिलीत, चार आणली. दोरी लावू की नको, ते तेवढं सांगा. मला बरं वाटत नाही दोरी लावायला."

"काका, वेड लागलंय का तुम्हाला?" बायको ओरडली.

"मला कशाला लागेल? चिठ्ठी तुमच्याकडून आली. मी म्हटलं, यांच्या घरातलं यांना माहीत."

चादरीवाल्यांपैकी एक जण अदबीने म्हणाला, "काचा आहेत का कुठे? म्हणजे चष्मा. तो वेगळा नेऊ."

मी डोकं धरून त्या हात निखळणाऱ्या सिंहासनावर बसलो. त्याचा हात पुन्हा निखळला. आता सासरे उठतील, मला दुकानातून हाकलतील, आणि विम्याची कचेरी मला परत घेणार नाही, कारण निघताना मी तिथे बरंच काही बोलून आलो होतो.

"कोणी मागवलंय?" कपाटांच्या रांगेतून आवाज आला.

"मोठ्या हॉलवाल्या बाईंनी," काका म्हणाले.

"खांबवाला हॉल?"

"तोच."

"तिथे हल्ली खुर्च्या कशा मांडता रे तुम्ही?"

काका जरा विचारात पडले. "कशा म्हणजे? सरळ. रांगेत."

सासरे उभे राहिले. मी शप्पथ घेऊन सांगतो, स्वतःचं पान वाचताना त्यांचा चेहरा जेवढा उतरला नव्हता, तेवढा आता उतरला. "सरळ?" ते म्हणाले. "त्या हॉलमध्ये सरळ रांगा? मधल्या खांबांमागे माणसं बसवता? आणि कोणी मला सांगितलं नाही?"

"तुम्ही म्हणायचात ना, मला विचारू नका," काका म्हणाले.

हे मात्र खरं होतं. सासऱ्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. मग म्हणाले, "माझ्या चपला कुठायत?"

"बाबा, गुडघे," बायको म्हणाली.

"हॉलमध्ये खुर्च्या असतात. बसून सांगेन." दारापर्यंत जाऊन ते वळले आणि चादरीवाल्यांकडे त्यांनी अशी नजर टाकली, की चादरी आपोआप पाठीमागे गेल्या. "मी पुढे बसणार. मागे माल बसतो." टेंपो गेला. आम्ही तिघं दारात उभे होतो.

संध्याकाळी सासरे परत आले ते रस्त्यावरूनच बोलत. खुर्च्या तिरक्या कशा लावून घेतल्या, खांबांमागची जागा मोकळी ठेवून तिथे पाण्याची टेबलं कशी नेली, बाई काय म्हणाल्या, सगळं त्यांनी जिना चढताना सांगितलं आणि जेवताना पुन्हा सांगितलं. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "आधी घास गिळा." माल परत आला की कोणत्या स्थितीत आला ते काकांना लिहावं लागतं. काकांनी लिहिलं होतं, 'नेताना होता त्यापेक्षा बरा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम हाती घेतलं. बसून, अंग मोडून, माणसांसाठी खराखुरा नवा साचा केला. नाव, फोटो, काम, बस. लाकूड नाही, वाळवी नाही. बायकोला आणि काकांना त्यात हलवलं, सासूबाईंना विचारून परत घेतलं. मग सासऱ्यांचं जुनं पान काढायला गेलो, तर मागून सासऱ्यांची काठी टेबलावर आपटली.

"हात लावू नका."

"बाबा, आता निघतं ते. परत आलात ना तुम्ही."

"बुकिंग आहेत माझी," सासरे म्हणाले. आणि खरंच होती. शाळेच्या सभागृहाचं, नाटकवाल्यांचं, दोन प्रदर्शनांचं. "उंची तेवढी दुरुस्त करा. लोकांची निराशा नको. आणि टेबल पुढे घ्या माझं, गिऱ्हाइकांना मी दिसलो पाहिजे."

बायको माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही. मी लगेच छाती फुगवून म्हणालो, "बघ, मी म्हणालो होतो ना?" त्यावर तिने जे उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

माझं स्वतःचं पानही मी जुन्या साच्यातच राहू दिलं. का, ते विचारू नका. सासऱ्यांना एवढी मागणी, म्हटलं, आपल्यालाही कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही.

आता परिस्थिती अशी आहे, की सासरे घरात सापडत नाहीत. सकाळी टेंपोत पुढे बसून जातात आणि दिवेलागणीला येतात. गुडघे दुखतात का विचारलं तर म्हणतात, कोणते गुडघे? परवा सासूबाई दुकानात आल्या आणि काही न बोलता माझ्या कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"आई, काय हवंय?"

"मला डोळे तपासायला जायचंय. डोळ्यांत औषध घातलं की परत येताना एकटीला दिसत नाही. यांना चार दिवस सांगतेय, यांना वेळ नाही. म्हटलं, सगळं गाव बुक करतं, मी पण करून बघते."

त्यांनी सासऱ्यांचं पान उघडलं, गुरुवार निवडला आणि बटण दाबलं. साइट म्हणाली, ही वस्तू त्या दिवशी उपलब्ध नाही. आणि मग, मी न सांगता, आमच्या साइटने खाली एक ओळ दाखवली. 'याच्याशी मिळतीजुळती वस्तू पाहा.' त्याखाली माझा फोटो होता. स्थिती, जुनी, वापरलेली. सर्व दिवशी उपलब्ध.

सासूबाईंनी फोटो बघितला. मग खुर्ची फिरवून मला बघितलं. उठून माझा खांदा धरला आणि बाहेर पाठवायच्या आधी आम्ही खुर्ची हलवून बघतो ना, तसा दोनदा हलवून बघितला.

"नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात त्यांची एक तारीख रिकामी दिसतेय. थांबते मी."

"आई, पण डोळे?"

"तेवढं दिसतंय मला," सासूबाई म्हणाल्या, आणि बुकिंग करून निघून गेल्या.